टाइप वन मधुमेह: मीटरवरचा आकडा खरा आहे का, हे कसं ओळखायचं

टाइप वन मधुमेहाचं निदान झालं की पहिल्या आठवड्यातच आईवडिलांना दोन कामं शिकवली जातात: इन्सुलिन टोचणं आणि शुगर तपासणं. दोन्ही हाताला पटकन सवयीची होतात. बोटाला सुई, स्ट्रिपवर थेंब, पाच सेकंदांत आकडा. पण तो आकडा कधी बरोबर असतो, कधी फसवतो आणि त्यावरून नेमकं काय ठरवायचं, हे ओपीडीच्या गर्दीत सविस्तर सांगायला कुणाला वेळ नसतो. या आजारात इन्सुलिनचा जवळपास प्रत्येक डोस त्या आकड्याकडे बघून दिला जातो. आकडा चुकला की डोस चुकतो, आणि चुकलेल्या डोसचा परिणाम तासाभरात समोर येतो. माझ्या मुलीला हा आजार आहे. नव्याने निदान झालेल्या घरांमधून फोन येतात तेव्हा आधी मी हेच सगळं सांगते, म्हणून ते एकदा सलग लिहून काढते आहे.

आधी आजाराबद्दल थोडं

मधुमेह म्हटलं की आपल्याकडे पन्नाशीतले काका, सुटलेलं पोट, सकाळचं फिरणं आणि गोळ्या, असंच चित्र डोळ्यांपुढे येतं. तो टाइप टू. टाइप वनमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटते. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी याच. त्या बहुतेक नष्ट झाल्या की रक्तात साखर भरपूर असते, पण ती पेशींच्या आत पोचत नाही. मग सतत तहान, सारखी लघवी, मोठं मूलही रात्री अंथरूण ओलं करतं, वजन भराभर उतरतं. मुलाने गोड जास्त खाल्लं म्हणून हे झालेलं नसतं आणि आईने गरोदरपणात काय खाल्लं याचाही काही संबंध नसतो. हे सासरच्यांना, शेजाऱ्यांना, गरज पडली तर शाळेतल्या बाईंनाही ठामपणे सांगावं. आईला दोष देत बसलेल्या घरात आजार सांभाळणं दुप्पट अवघड होतं.

इन्सुलिनला पर्याय नाही. कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड, कुणी खात्रीने सांगितलेला काढा, यातल्या कशानेही बीटा पेशी परत येत नाहीत. इन्सुलिनचा शोध लागण्याआधी या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे आणि तेवढ्यावर काही महिने किंवा फार तर काही वर्षं काढायचे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप या जैवरसायनतज्ज्ञाने अर्क अधिक शुद्ध केला, २३ जानेवारीपासून तो देणं सुरू झालं आणि मुलाची साखर उतरली. मरणाच्या दारात असलेला तो मुलगा पुढे तेरा वर्षं जगला.

निदानानंतर काही आठवड्यांनी बऱ्याच मुलांची इन्सुलिनची गरज अचानक घटते. उरलेल्या थोड्या बीटा पेशींना विसावा मिळालेला असतो, त्या पुन्हा जरा काम करू लागतात. डॉक्टर याला हनिमून फेज म्हणतात. नेमक्या याच काळात ‘आमच्या औषधाने बरं झालं’ म्हणणारे भेटतात आणि इन्सुलिन बंद होतं. कृपा करून ते करू नका. डोस कमी करायचा तो डॉक्टरांना विचारून. हा काळ काही आठवडे किंवा महिने टिकतो आणि मग ओसरतो. त्या वेळी इन्सुलिन बंद असेल तर मूल थेट आयसीयूत पोचतं.

बोटातल्या थेंबाची गोष्ट

निरोगी स्वादुपिंड रक्तातली साखर सतत मोजत असतं आणि त्याप्रमाणे इन्सुलिन सोडत असतं. आपल्याला ते काम बाहेरून, दिवसातून ठरावीक वेळा करावं लागतं, आणि हातातलं साधन काटेकोर असलं तरी त्याला मर्यादा आहेत. आयएसओ १५१९७ हे ग्लुकोमीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१३च्या आवृत्तीनुसार साखर १००च्या (म्हणजे डेसिलीटरमागे १०० मिलीग्रॅमच्या) वर असताना १०० पैकी किमान ९५ वाचनं प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असावी लागतात. १००च्या खाली असेल तर १५ मिलीग्रॅमच्या आत. म्हणजे खरी साखर २०० असेल तर चांगलं मीटर १७० दाखवू शकतं आणि २३०सुद्धा. एकाच बोटातून लागोपाठ दोन स्ट्रिपा लावल्या, एकीवर १७८ आणि दुसरीवर १९६ आलं, तर मीटर बिघडलेलं नाही. दोन्हीवरून निघणारा निर्णय जवळपास सारखाच असतो, म्हणून ‘नक्की कोणता खरा’ हे शोधायला तिसरी स्ट्रिप वाया घालवू नका.

चिंता करायची ती वेगळ्या चुकांची, ज्यात आकडा दुप्पट होऊन येतो. मे महिन्यातली दुपार. मुलीने आंबा कापून खाल्ला, हात पँटला पुसले आणि जेवणाआधीची शुगर बघायला बसली. मीटरवर ३१२. सकाळपासून आकडे चांगले होते, तहान नाही, चेहरा टवटवीत. आंब्याला जेमतेम पाच मिनिटं झाली होती, तेवढ्यात शुगर एवढी चढत नाही. साबण लावून हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट. १४६. बोटावर राहिलेला आंब्याचा रस थेंबात मिसळला होता, बाकी काही नाही. आता समजा, तिचं एक युनिट इन्सुलिन साधारण ५० मिलीग्रॅम साखर उतरवतं. ३१२ खरं धरून १२०वर आणायला चार युनिट जास्तीचे गेले असते. प्रत्यक्षात साखर होती १४६, आणि चार युनिट म्हणजे २०० मिलीग्रॅमची उतरण. पुढे काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको.

म्हणून हात धुणं ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सवय. साबण आणि पाणी, नंतर हात पूर्ण कोरडे, कारण ओल्या बोटाने थेंब पातळ होतो आणि आकडा कमी येतो. फळाची साखर स्पिरिटच्या कापसाने नीट निघत नाही, तिला पाणीच लागतं. प्रवासात पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसरा वापरायचा. सुई बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचली की कमी दुखतं. थेंब येत नाही म्हणून बोट पिळत बसू नका. पिळल्याने रक्ताबरोबर आजूबाजूचं पाणी येतं. कोमट पाण्यात हात धरला, हात खाली सोडून जरा हलवला की थेंब आपोआप येतो.

स्ट्रिपांवर एन्झाइमचा थर असतो. तो दमट हवेने आणि उष्णतेने खराब होतो. कोकणातल्या पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं राहिलं किंवा उन्हाळ्यात डबी गाडीत तापली, तर मुदत संपलेली नसली तरी स्ट्रिपा चुकीचे आकडे देऊ लागतात. स्ट्रिप काढली की झाकण लगेच लावायचं, स्ट्रिपा दुसऱ्या डबीत ओतून ठेवायच्या नाहीत. काही कंपन्यांच्या डब्या उघडल्यावर ठरावीक महिन्यांतच संपवायच्या असतात, म्हणून उघडल्याची तारीख झाकणावर पेनाने लिहून ठेवावी.

आणखी एक कारण आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे: रक्तक्षय. रक्तात तांबड्या पेशी कमी असतील तर बरीच मीटर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. काही नव्या मीटरमध्ये याची दुरुस्ती केलेली असते, काहींत नसते. वाढत्या वयाच्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन कमी असणं इतकं सर्रास आहे की शुगरच्या तपासण्यांबरोबर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करून घ्यायला डॉक्टरांना जरूर सांगावं.

‘घरी १८५ आलं आणि लॅबमध्ये १६५, मग मीटर फेकून देऊ का?’ हा प्रश्न मला कायम विचारला जातो. जेवणानंतर बोटातल्या रक्तातली साखर शिरेतल्या रक्तापेक्षा मुळातच थोडी जास्त असते. शिवाय लॅबच्या नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात. नळीत फ्लोराइड नसेल आणि नमुना तसाच पडून राहिला तर तासाला पाच-सात टक्के साखर कमी होत जाते. तुलना करायचीच असेल तर उपाशीपोटी करावी: शिरेतून रक्त घेतलं की त्याच मिनिटाला बोटाला टोचून आपल्या मीटरवर बघायचं. साखरेसाठीची नळी सहसा राखाडी टोपणाची असते, ती वापरली आहे ना एवढं पाहायचं. दोन आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंत फरक आला तर मीटर ठीक आहे.

परदेशातल्या नातलगांनी मीटर भेट दिलं असेल तर आधी एकक बघा. भारतात आणि अमेरिकेत मिलीग्रॅममध्ये मोजतात, तर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात मिलिमोलमध्ये. तिकडचा आकडा १८ने गुणला की आपला आकडा मिळतो. तिकडचे १० म्हणजे आपले १८०.

कधी तपासायचं

प्रत्येक जेवणाआधी, झोपताना, खेळाआधी आणि खेळानंतर, अंगात बरं वाटत नसेल तेव्हा, आणि अधूनमधून जेवणानंतर दोन तासांनी आणि पहाटे तीनला. असं धरलं तर रोज सहा-आठ स्ट्रिपा सहज लागतात, आणि तो खर्च प्रत्येक घराला झेपत नाही हे मी जवळून पाहिलं आहे. स्ट्रिपा मोजक्या असतील तर त्या विचारपूर्वक वापराव्यात. रोज फक्त सकाळी उपाशीपोटी तपासण्यापेक्षा आज नाश्त्याआधी आणि नाश्त्यानंतर, उद्या दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर, परवा रात्रीचं, असं फिरवत गेलं तर आठवड्यात पूर्ण दिवसाचा अंदाज येतो. झोपतानाची तपासणी मात्र चुकवू नये.

पहाटे तीनची तपासणी कोणालाच आवडत नाही, पण तिच्याशिवाय सुटत नाही असं एक कोडं आहे. सकाळी शुगर रोज २२० येते. का? पहाटे शरीरात कॉर्टिसॉल आणि वाढीचं हार्मोन जास्त सुटतं, त्याने साखर आपोआप चढते. वयात येणाऱ्या मुलांमध्ये हे फार ठळक दिसतं. किंवा रात्रीचं इन्सुलिन पहाटेपर्यंत पुरत नसेल. किंवा रात्री शुगर लो, म्हणजे ७०च्या खाली, झाली असेल आणि कुणाच्या लक्षात न येता ती उसळली असेल. पहिल्या दोन कारणांसाठी इन्सुलिन वाढवावं लागेल, तिसऱ्यात कमी करावं लागेल. सकाळचा एकटा आकडा पाहून रात्रीचा डोस वाढवत गेलात आणि कारण तिसरं असेल, तर रात्री झोपेत धोका वाढतो. दोन-तीन रात्री गजर लावून उठलं की उत्तर मिळतं.

सेन्सर लावला म्हणजे सगळं दिसतं का?

दंडावर चिकटवायचा सेन्सर आता मोठ्या शहरांत सहज मिळतो. बोटं वाचतात, रात्रीची झोप होते, आणि साखर कुठल्या दिशेने चालली आहे ते बाणाने दिसतं. हा बाण बोटाच्या तपासणीत मिळत नाही. ११० आणि सरळ बाण असेल तर मूल निवांत खेळू शकतं. ११० आणि खाली दोन बाण असतील तर अर्ध्या तासात लो होणार, आत्ताच काहीतरी खायला हवं.

पण सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. तो त्वचेखाली, पेशींच्या अवतीभवतीच्या पाण्यातली साखर मोजतो. नदीला पूर आला की काठावरच्या विहिरीची पातळी थोड्या वेळाने चढते आणि पूर ओसरला तरी विहीर लगेच उतरत नाही, तसंच इथे होतं. साखर स्थिर असताना रक्त आणि सेन्सर जवळपास जुळतात. ती वेगाने चढत किंवा उतरत असताना सेन्सर पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. सर्वांत जास्त गोंधळ लो झाल्यावर होतो. मुलाला ग्लुकोज दिलेलं असतं, रक्तातली साखर ९५वर आलेली असते, सेन्सर अजून ६२ दाखवत असतो, आणि घाबरून आपण आणखी साखर देतो. तासाभराने शुगर २८०. म्हणून लो झाल्यावरची पुन्हा तपासणी बोटातूनच करावी.

बोटातून बघण्याचे आणखी प्रसंग: सेन्सर लावल्यानंतरचा पहिला दिवस, कारण तेव्हा तो स्थिरावत असतो. मूल त्याच दंडावर झोपलं असेल आणि रात्री अचानक लोचा गजर वाजला तर, कारण दाबामुळे तिथे खोटा लो दिसतो. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर. काही सेन्सरवर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसचा परिणाम होतो, काहींवर पॅरासिटामॉलचा. आपल्या सेन्सरचं माहितीपत्रक एकदा नीट वाचून घ्यावं.

दोन आठवडे टिकणाऱ्या एका सेन्सरला काही हजार रुपये लागतात. कायम लावणं परवडत नसेल तर डॉक्टरांच्या भेटीआधीचे दोन आठवडे एक लावून बघितला तरी रात्रीचं आणि जेवणानंतरचं जे चित्र मिळतं ते फार मोलाचं असतं.

आकडा बरोबर, डोस चुकला

मीटर अचूक असूनही शुगर वेडीवाकडी धावत असेल तर इन्सुलिनकडे बघा. भारतातल्या घरांमध्ये एक धोका खास आहे. आपल्याकडच्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या एका मिलीलीटरमध्ये ४० युनिटच्या असतात, पेनमधलं इन्सुलिन सहसा १०० युनिटचं असतं, आणि काही बाटल्याही १००च्या मिळतात. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४०ची लाल टोपणाची, १००ची नारिंगी टोपणाची. ४०च्या बाटलीतलं इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये १०च्या रेघेपर्यंत भरलं तर मुलाच्या अंगात १० ऐवजी ४ युनिट जातात. उलट झालं, म्हणजे १००चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये १०पर्यंत भरलं, तर २५ युनिट जातात. हा फरक जीवघेणा आहे. दुकानदाराने ‘हीच आहे, सारखीच असते’ म्हणून दुसरी सिरिंज दिली तर घेऊ नका. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक खरेदीला जुळवून बघायचा. आजीआजोबा इंजेक्शन देत असतील तर त्यांनाही बाटली आणि सिरिंज हातात देऊन हे दाखवावं.

रोज एकाच जागी टोचलं की तिथे मऊ फुगवटा तयार होतो. मुलांना तीच जागा आवडते, कारण तिथे दुखत नाही. पण त्या गाठीतून इन्सुलिन कधी हळू शोषलं जातं, कधी एकदम. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पोट आणि मांड्या चाचपून बघा. गाठ लागली की ती जागा काही महिने सोडून द्यायची. चांगल्या जागी टोचायला लागलं की पूर्वीचाच डोस जास्त काम करू शकतो, म्हणून पहिले काही दिवस जास्त वेळा तपासायचं.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात, फ्रिजच्या खालच्या भागात ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. वापरात असलेली बाटली साध्या तापमानात साधारण चार आठवडे टिकते, पण साधं तापमान म्हणजे २५ ते ३० अंशांपर्यंत. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात घरातलं कपाट चालणार नाही. फ्रिज नसेल किंवा वीज सारखी जात असेल तर पाण्याच्या मातीच्या भांड्याचा आधार घ्यावा: पसरट मडक्यात थोडं पाणी, त्यात छोटं मडकं आणि त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बाटली. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत आतलं तापमान चांगलं उतरतं. कोकणच्या दमट हवेत पाणी कमी उडतं, म्हणून तिथे हा उपाय तेवढा लागू पडत नाही. एरवी पारदर्शक असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं तर टाकून द्यावं.

टोचण्याची वेळही डोसइतकीच महत्त्वाची. साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास, नवी झटपट काम करणारी इन्सुलिन दहा-पंधरा मिनिटं आधी. जेवून उठल्यावर दिलं तर शुगर आधी चढते आणि इन्सुलिन मागून धावत राहतं. आणि जेवणानंतर दोन तासांनी शुगर २४० दिसली म्हणून लगेच दुसरा डोस देऊ नये. पहिल्याचं काम अजून संपलेलं नसतं, झटपट इन्सुलिनही तीन-चार तास चालतं. एकावर एक डोस चढले की संध्याकाळी लो ठरलेला.

ताटातलं गणित

जेवणाचं इन्सुलिन ताटातल्या कर्बोदकांवर ठरतं. त्यासाठी स्वयंपाकघरात एक छोटा डिजिटल काटा असावा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. काही दिवस भाकरीला पीठ किती घेतो ते मोजलं की कळतं, आपल्या एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ लागत असेल तर तिच्यात ३५ ग्रॅम कर्बोदकं आहेत. मग हाताचा अंदाज बसतो.

उपवासाचे पदार्थ मात्र सगळ्यांचा अंदाज चुकवतात. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च आहे, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमपेक्षा जास्त कर्बोदकं. एका बशी खिचडीत ६० ग्रॅम साबुदाणा असेल तर पन्नासच्या वर कर्बोदकं झाली, वर बटाटा वेगळा. त्यात शेंगदाण्याचं कूट आणि तूप असल्यामुळे साखर उशिरापर्यंत चढत राहते: दोन तासांनी ठीक दिसते आणि चार तासांनी ३००. एकादशीला ‘आज उपास आहे, इन्सुलिन कमी देते’ असं आया सांगतात तेव्हा मला फार काळजी वाटते. खिचडी खाणार असेल तर पूर्ण हिशोबाने इन्सुलिन लागतं. निर्जळी उपवास टाइप वनच्या मुलांनी करूच नये.

लो आणि हाय

७०च्या खाली म्हणजे लो. ५४च्या खाली गंभीर. घाम, थरथर, एकदम भूक, चिडचिड, लहान मूल विनाकारण रडतं किंवा गप्प बसतं. तपासता आलं तर तपासायचं, नाही तर लक्षणांवरून लगेच साखर द्यायची. मोठ्याला १५ ग्रॅम, म्हणजे सपाट तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा तेवढंच ग्लुकोज. लहान मुलाला वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला सहा ग्रॅम, चमचाभर. पेढा, बर्फी, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. मूल बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर झोपवा, घरी ग्लुकॅगॉन (साखर चढवणारं औषध) असेल तर द्या आणि दवाखाना गाठा.

शाळेत वर्गशिक्षिकेच्या कपाटात ग्लुकोजचा डबा असावा आणि मुलाला तासाच्या मध्येही तपासायची, खायची मोकळीक हवी. सीबीएसईने २०१७ मध्ये बोर्डाच्या परीक्षेत टाइप वनच्या मुलांना साखरेच्या गोळ्या आणि खाऊ जवळ ठेवायला परवानगी दिली. शाळेशी बोलताना हा दाखला उपयोगी पडतो.

शुगर २५०च्या वरच राहत असेल, किंवा आकडा कितीही असो मूल उलट्या करत असेल, तर लघवीतले कीटोन तपासा. त्याच्या स्ट्रिपा स्वस्त असतात, घरात असायलाच हव्यात. इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून आम्लधर्मी कीटोन साठतात. ताप-जुलाबात ‘काही खाल्लं नाही म्हणून इन्सुलिन दिलं नाही’ हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं आहे. बेसल, म्हणजे दिवसभर पुरणारं इन्सुलिन, आजारपणातही बंद करायचं नसतं. किती द्यायचं ते डॉक्टरांना फोन करून ठरवा. थांबत नसलेल्या उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका.

तीन महिन्यांचा आकडा

एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची साधारण सरासरी. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४च्या आसपास, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. तो खाली ठेवण्याला पक्का आधार आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ टाइप वन रुग्णांवरच्या डीसीसीटी या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. वारंवार तपासून इन्सुलिन काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता.

पण ६० ते २५० दरम्यान झोके घेणाऱ्या मुलाची आणि दिवसभर १५०च्या आसपास राहणाऱ्याची सरासरी एकच येऊ शकते. म्हणून सेन्सर असेल तर साखर ७० ते १८०मध्ये किती वेळ राहिली ते बघतात. बहुतेकांसाठीचं उद्दिष्ट ७० टक्के, म्हणजे दिवसातले साधारण सतरा तास, आणि ७०च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे तासाभराच्या आत. उरलेले तास वर गेले तर मूल नापास झालेलं नसतं.

रक्ताचे आजार एचबीए१सीही बिघडवतात. लोहाची कमतरता असेल तर तो खोटा वाढलेला दिसतो. सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार असेल, तांबड्या पेशी लवकर मोडत असतील किंवा मुलाला नुकतंच रक्त चढवलं असेल, तर खोटा कमी दिसू शकतो. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत आणि विदर्भात सिकलसेल बऱ्याच कुटुंबांत आहे. तिथल्या मुलाचा एचबीए१सी ६.२ आला आणि मीटरवर रोज २०० दिसत असेल, तर मीटरवर विश्वास ठेवा आणि डॉक्टरांना सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते विचारा.

वही

मोबाइलमध्ये नोंदवा किंवा दोनशे पानी वहीत, पण वेळ, आकडा, इन्सुलिन आणि काय खाल्लं, हे चार रकाने हवेत. ताप, परीक्षा, पाळी, क्रिकेटची मॅच, असं काही असेल तर शेजारी दोन शब्द. एका आकड्यावरून रोजचा डोस बदलायचा नसतो. लागोपाठ तीन दिवस त्याच वेळेला शुगर चढलेली किंवा उतरलेली दिसली तर तो नमुना धरून डॉक्टरांना फोन करायचा. लो मात्र वारंवार किंवा रात्री होत असेल तर तीन दिवस थांबू नये.

आणि मुलाने २८० सांगितलं की आपला पहिला प्रश्न ‘काय खाल्लंस?’ असा चढ्या आवाजात नको. तेरा-चौदा वर्षांची मुलं ओरडा टाळण्यासाठी वहीत १३० लिहितात, मीटर हरवलं म्हणतात. मग डॉक्टर खोट्या आकड्यांवर डोस ठरवतात. ‘बरं झालं तपासलंस, आता किती द्यायचं ते बघू’ एवढं म्हणून हिशोबाला बसावं. भेटीला जाताना वहीबरोबर मीटरही न्यावं. त्यात जुनी वाचनं साठलेली असतात, पण घड्याळ चुकीचं असेल तर सकाळचे आकडे रात्रीचे दिसतात. निघण्याआधी मीटरमधली तारीख आणि वेळ तपासून घ्या.